मौजा कोणता?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी जे सार्वजनिक वाचनालय असते, त्याचे रूप बहुधा ठरलेले असते. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचे लांब मेज, त्याच्याभोवती निवृत्त शिक्षक आणि वनखात्यातून पेन्शनीत निघालेली मंडळी, आतल्या खोलीत कादंबऱ्यांची कपाटे, आणि अलीकडे पोलीस भरतीच्या व तलाठी परीक्षेच्या पुस्तकांत मान घालून बसलेली तरुण मुले. या नेहमीच्या मंडळींत गेल्या दोन-तीन दशकांत आणखी एका तऱ्हेच्या वाचकाची भर पडली आहे. त्याला कादंबरीही नको असते आणि वर्तमानपत्रही नको असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेली एखादी फाटकी नकल, शाळा सोडल्याचा दाखला, क्वचित एखादे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड तो मेजावर मांडतो आणि विचारतो, "आमच्या आज्याचं नाव कुठं भेटल का?" यावर जाणता ग्रंथपाल त्याचे आडनाव विचारीत नाही, जातही विचारीत नाही. तो विचारतो, "मौजा कोणता?"

हा प्रश्न साधा दिसतो. परंतु या मुलखात घराण्याचा शोध लागणे न लागणे पुष्कळ अंशी त्याच्याच उत्तरावर अवलंबून असते, आणि ते उत्तर वाटते तितके सोपे नसते.

देशावर आणि कोकणात कुलवृत्तांत लिहिण्याची जी परंपरा विसाव्या शतकात रुजली, तिची वाट निराळी होती. आडनाव, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव आणि मग सनदा, इनामपत्रे, वतनाचे निवाडे, त्र्यंबकेश्वरी किंवा गयेस तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील पूर्वजांची स्वाक्षरी, अशा क्रमाने तेथला संशोधक मागे मागे जातो. त्या ग्रंथांमागील चिकाटीविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, ज्यांच्या माडीवर दप्तर होते त्यांचाच तो इतिहास आहे. चांद्याकडे दप्तर बाळगणारी घराणी थोडी. बाकीचा सारा समाज धानाची शेती करणारा, तलाव खोदणारा, मोहफूल-तेंदू वेचणारा, ढोरे राखणारा. त्याने स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. त्याच्याविषयी जे लिहिले ते पटवाऱ्याने, कोतवालाने, शाळामास्तराने आणि वनरक्षकाने, आणि या चौघांनीही जे लिहिले ते घराण्याच्या नावे न लिहिता गावाच्या नावे लिहिले. आडनाव धरून शोधू जावे तर मडावी, आत्राम, गेडाम, कुमरे ही नावे शेकडो गावांत विखुरलेली आढळतात, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पुष्कळशा कागदांत तर आडनावाचा पत्ताच नसतो. गाव धरून गेले म्हणजे मात्र माणूस सापडण्याची आशा असते.

अडचण अशी की गाव जागच्या जागी राहिले तरी त्याचे सरकार जागचे राहिले नाही. गडचिरोलीच्या अंगणात उभा असलेला एखादा वृद्ध ज्या गावी जन्मला, ते गाव गोंड राजांकडून १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेले. १८६१ साली मध्यप्रांतात सामील झाले. १९०५ साली गडचिरोलीची स्वतंत्र तहसील होण्यापूर्वी त्याचा कारभार ब्रह्मपुरी किंवा चांदा तहसिलीतून चाले. १९५० पासून सहा वर्षे ते नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होते, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. पुढे चांद्याचे चंद्रपूर झाले, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा निराळा जिल्हा झाल्यावर त्या गावाचे नवे कागद गडचिरोलीस तयार होऊ लागले, जुने मात्र बहुधा चंद्रपूरच्याच अभिलेख कक्षात राहिले. नातू गडचिरोलीच्या कचेरीत खेटे घालतो, 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असा शेरा घेऊन परततो आणि आपले घराणे कागदावर नव्हतेच अशी समजूत करून घेतो. वास्तविक आज्याचा कागद चंद्रपुरास, दुसऱ्या तहसिलीच्या बस्त्यात बांधलेला असतो.

सीमेवरच्या तालुक्यांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. राजुरा तालुका १९५६ पर्यंत निजामाच्या हैदराबादेतील आदिलाबाद जिल्ह्यात होता; तेथून तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. तेथील जुन्या दप्तरात उर्दू लिपी भेटते आणि सालही फसली. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे साधारणपणे इसवी सन निघतो. पण ते वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होत असल्यामुळे वर्षारंभीच्या तीन महिन्यांनंतर ५९१ धरावे लागतात, हे न जाणणारा मनुष्य आज्याचे वय सहज एका वर्षाने चुकवितो. सिरोंचा तर १८७४ पर्यंत चांद्यात नव्हतेच. ते अप्पर गोदावरी नावाच्या, पुढे मोडलेल्या जिल्ह्याचा भाग होते, आणि गोदावरी-प्राणहितेच्या काठची पुष्कळ कुटुंबे आजही घरात तेलुगू बोलतात. अशा घरात एकाच पूर्वजाचे नाव तेलुगू वळणाने एक, मराठी कारकुनाच्या कानाने दुसरे आणि इंग्रजी अहवालात तिसरे झालेले दिसते, आणि तिन्ही माणसे एकच आहेत हे कचेरीस पटवून देताना नातवाचा घाम निघतो.

आता कपाटाकडे वळू. ज्या वाचनालयाने स्थानिक इतिहासाची आस्था ठेवली आहे, तेथे एक-दोन फळ्यांवर काही विशिष्ट ग्रंथ आढळतात. मेजर लुसी स्मिथ याचा चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा १८६९ चा अहवाल हा या सर्वांचा मूळपुरुष. पुढच्या प्रत्येक लेखकाने त्यातून घेतले आहे, काहींनी नाव सांगून, काहींनी न सांगता. त्यानंतर १९०९ चे जुने जिल्हा गॅझेटिअर, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्यप्रांतातील जातिजमातींवरील १९१६ चे चार खंड, यादव माधव काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास', अ. ज. राजूरकर यांचा 'चंद्रपूरचा इतिहास' आणि महाराष्ट्र शासनाने १९७० नंतर काढलेले नवे गॅझेटिअर. या ग्रंथांत आपल्या खापरपणजोबाचे नाव सापडेल अशी आशा कोणी धरू नये. तेथे सापडते ते त्याच्या गावाचे भाग्य: गाव खालशाचे होते की जमीनदारीतले, मालगुजार कोण जातीचा, तलाव केव्हाचा, कोणत्या दुष्काळात लोक कोणीकडे गेले. गॅझेटिअर घराण्याविषयी मुकेच असते. परंतु पुढचा कागद कोणत्या कचेरीत मागावयाचा हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही.

याचे एक ठळक उदाहरण १८५८ च्या बंडाचे आहे. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाई यांनी बाबूरावांस धरून दिले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सरकारी अहवालात ते बंडखोर आहेत, गोंडी गीतांत ते वीर आहेत. चंद्रपुरात दरवर्षी त्या दिवशी अभिवादनास लोटणारा समाज अहवाल वाचून येत नाही. पण वंशावळ शोधणाऱ्यास या प्रसंगाचे आणखी एक महत्त्व असते. बंडानंतर जप्त झालेल्या गावांचा मोठा भाग अहेरीकडे गेला. ज्या कुटुंबाची म्हण अशी की 'आमचा पणजा अहेरीवाल्यांच्या राज्यातला', त्याचे गाव बंडापूर्वी अडपल्लीच्या जमीनदारीत असू शकते, आणि मग आजीच्या तोंडी अहेरी व कागदावर अडपल्ली अशी जी विसंगती दिसते ती विसंगतीच राहत नाही. आजीही खरे बोलत असते आणि कागदही.

पुस्तकांचे कपाट येथवर नेते. पुढे गावचा कागद. इंग्रजी अमदानीतील बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक मौजाची एक मिसल तयार होत असे. तीत नकाशा, शेतवार खसरा, खातेवार जमाबंदी आणि वाजिब-उल-अर्ज असे कागद एकत्र शिवलेले असत. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या वहिवाटीचे टिपण. जंगलातून सरपण, बांबू, काटेकुटे कोणी किती न्यावे, तलावाचे पाणी कोणाच्या बांधीस आधी, कोतवालाचा व लोहाराचा हक्क काय, हे सारे त्यात येते. एखाद्या घराण्याचे पूर्वज गावात काय स्थानी होते हे त्यावरून जितके कळते, तितके कोणत्याही वंशवृक्षावरून कळत नाही. खसऱ्यात माणूस भेटतो तो मात्र आजच्यासारखा नाव-बापाचे नाव-आडनाव असा भेटत नाही. 'सोमा वल्द लच्छू, कौम गोंड, साकिन देह, मौरूसी' एवढाच त्याचा परिचय. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, जौजे म्हणजे अमक्याची बायको, बेवा म्हणजे विधवा, साकिन देह म्हणजे त्याच गावचा रहिवासी, आणि मौरूसी म्हणजे वहिवाटीचा हक्क मिळालेले कूळ. मालगुजाराच्या स्वतःच्या जमिनीपुढे सीर किंवा खुदकाश्त असे लिहिलेले असते. या चार-पाच शब्दांची ओळख झाली की खसरा बोलू लागतो. एका बंदोबस्तात सोमा वल्द लच्छू, तीस वर्षांनी पुढच्या बंदोबस्तात त्याच शेतनंबरावर डोमा वल्द सोमा, आणि १९५०-५५ च्या अधिकार अभिलेखात त्याच शेतावर डोमाचे दोन मुलगे, यावेळी प्रथमच आडनावासह: अशी कडीला कडी लागत चार पिढ्या उभ्या राहतात. माणसांच्या मागे न धावता शेताच्या नंबराच्या मागे जावे, असे जुने पटवारी सांगत, आणि ते खरे आहे. माणूस स्थलांतर करतो, बांधी करीत नाही. नंबर नव्या मोजणीत बदलला असेल तर जुन्या-नव्या नंबरांचे मिलान पत्रक मागावे.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ पासून संपली. मालगुजारांच्या वाड्यावर जे खाजगी दप्तर होते, कुळांच्या वसुलीच्या वह्या, धानाच्या कर्जाचे रोखे, लग्नप्रसंगीच्या उसनवारीच्या याद्या, त्याचा फार मोठा भाग वाळवीने आणि पावसाने खाल्ला. 'मामा तलाव' या नावाने माजी मालगुजारी तलावांची तरी सरकारदप्तरी यादी राहिली. वह्यांची कोणी यादी केली नाही. एखाद्या वाड्यात अजूनही रुमालात बांधलेले असे बस्ते असतील तर ते रद्दीत जाण्यापूर्वी तालुक्याच्या वाचनालयाने मागून घ्यावेत. त्यात मालगुजाराच्या घराण्याचा इतिहास असेलच, पण त्याच्या कुळांचा अधिक असेल.

जन्ममृत्यूची वही हा दुसरा आधार. मध्यप्रांतात ठाण्यावर ही खबर पोहोचविण्याचे काम गावच्या कोतवालाचे. कोतवाल बहुधा निरक्षर. गावातला एखादा लिहिता माणूस त्याच्या वहीत नोंद करी आणि कोतवाल ती घेऊन ठाण्यात जाई. या कोतवाल पंजीचे एक पान डोळ्यांसमोर आणा. पिवळट, कडेने कुरतडलेला कागद, बोरूच्या शाईचे तपकिरी पडलेले अक्षर. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा किंवा मुलगी. मुलाचे स्वतःचे नाव बहुधा नसतेच, कारण खबर देण्याच्या वेळी बारसे झालेले नसे. तेव्हा 'लच्छूस मुलगा' या नोंदीतला मुलगा म्हणजे आपला आजा सोमा, की बालपणीच दगावलेला त्याचा थोरला भाऊ, हे ठरविण्यासाठी पुढची पाने मृत्यूच्या बाजूने चाळावी लागतात. मृत्यूच्या कारणाचा रकाना तर विलक्षण आहे. निम्म्याहून अधिक जागी नुसते 'ताप'. मधूनमधून 'हगवण', 'देवी', 'साप चावून', 'वाघाने मारला'. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ज्या साथीस आपल्याकडे मानमोडी म्हणत, त्या दिवसांची पाने आली की नोंदी एकमेकींवर चढतात, एकाच बापाच्या नावे आठवड्यात तीन तीन मृत्यू दिसतात, आणि मग काही गावांच्या वह्यांत चक्क काही दिवस कोरे असतात. लिहिणाराही अंथरुणावर असावा, किंवा तोही गेला असावा.

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत प्रथमच मुलगा आपल्या नावाने, बापाच्या नावाने आणि आडनावाने उभा राहतो. येथे जन्मतारखेवर फारसा भरवसा ठेवू नये. शेकडो मुले १ जुलैस जन्मलेली दिसतात, कारण शाळा त्या सुमारास उघडे आणि मास्तर अंदाजाने वर्ष धरून तीच तारीख टाकीत. जातीच्या रकान्यावरही इतिहासाचे ओरखडे दिसतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धर्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यास दीक्षा दिली. त्यानंतरच्या नोंदवह्यांत ज्या घरचा थोरला मुलगा 'महार' म्हणून दाखल आहे त्याच घरचा धाकटा 'बौद्ध' म्हणून दाखल झालेला आढळतो. कारकुनी नजरेला हा फरक खटकतो. वंशावळ लिहिणाऱ्याने त्या दोन नोंदींमधली तारीख आपल्या कुळाच्या इतिहासातली एक मोठी तारीख म्हणून लिहून ठेवावी.

हौसेने शोध घेणारे थोडेच. बहुसंख्य लोक येतात ते जातवैधता प्रमाणपत्रासाठी. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो, सहा महिन्यांत वैधता आणा असे सांगण्यात येते, आणि बाप पणजोबाचा शोध घेत वाचनालयात येतो. तपासणी समितीपुढे वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते, दक्षता पथक गावात जाऊन चौकशी करते. पूर्वी तर चालीरीती, कुळाचार, देवके यांवरूनही माणसाची परीक्षा घेत आणि त्या परीक्षेचे पाठ्यपुस्तक असे रसेल-हिरालाल यांचे खंड. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन अधिकाऱ्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यात पाहिलेली चाल आज गडचिरोलीच्या पोरास ठाऊक नाही म्हणून त्याची जमात संशयित, हा न्याय मला कधीच समजला नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही असे स्पष्ट केले आणि संविधानपूर्व कागदांचे मोल अधोरेखित केले. त्यामुळे जुन्या नोंदीची किंमत वाढली, आणि किंमत वाढली की जे व्हावयाचे तेही होते: मूळ 'गोंड' या शब्दापुढे-मागे निराळ्या शाईत काही अक्षरे वाढविलेली पाने अधूनमधून समित्यांपुढे येतात.

नोंदीतल्या शब्दांच्या फेरफाराने काय होऊ शकते ते विदर्भाने पाहिले आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील 'गोंड गोवारी' ही एक जमात की दोन, हा प्रश्न घेऊन २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्यू पावले. या दोन जिल्ह्यांत मोठ्या संख्येने असलेल्या माना समाजाचाही प्रश्न असाच दीर्घकाळ न्यायालयात होता. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती स्वतंत्र जमात मानली. रकान्यातले एक-दोन शब्द ज्यांनी आपल्या हाताने कधी लिहिले नाहीत, त्यांच्याच नशिबी ते सिद्ध करणे आले.

वैनगंगेच्या पूर्वेस, धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे जसजसे जावे, तसतसा कागद विरळ होतो. हा सारा मुलूख जमीनदाऱ्यांचा: अहेरी सर्वांत मोठी, मग रांगी, मुरूमगाव, पोटेगाव, गिलगाव अशा लहानमोठ्या. खालशाच्या मौजांइतका तपशीलवार खसरा येथे क्वचित. डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या माडियांच्या टोल्यांची नोंद तर नकाशावरही धड नाही. परंतु कागद नाही म्हणून वंशज्ञान नाही असे मात्र नाही. गोंडांच्या लग्नसंबंधाचा सगळा पायाच कुळांच्या देवसंख्येवर आहे: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. कोणाचे घराणे कोणत्या गटात, कोणाशी सोयरीक चालते, कोण भाऊपणात येतो, हे न कळता एकही लग्न ठरत नाही, आणि म्हणून एखाद्या निरक्षर सियानाला, म्हणजे वडीलधाऱ्याला, पाच-सहा पिढ्यांची नावे व गावे मुखोद्गत असतात. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. किंगरीच्या साथीवर यजमान कुळांची उत्पत्ती आणि पूर्वजांची नावे गाणे हा त्यांचा धर्म. शामराव हिवाळे यांनी नर्मदेकाठच्या परधानांवर १९४६ साली ग्रंथ लिहिला. आदिलाबादच्या राजगोंडांविषयी फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी लिहिले. राजुरा-जिवतीच्या वाचकाने हा दुसरा ग्रंथ अवश्य पाहावा, कारण त्यातला मुलूख त्याच्या अंगणाला लागून आहे. माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ शिळा उभारतात. त्या शिळांवर अक्षर नसते. कोणती कोणाची, हे गावाच्या तोंडी असते. आणखी एक सावधगिरी: गोंडांत लमसेना म्हणून सासुरवाडीस राहून कामाने वधू मिळविणारा जावई पुष्कळदा तेथेच स्थायिक होई. अशा घराण्यात आज्याचा मौजा आणि पणज्याचा मौजा निराळे असतात, आणि मधला दुवा पणजीचे माहेर असते. आपल्या वंशावळीत बायकांची नावे लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांची येथेच फसगत होते.

या तोंडी ज्ञानास कायद्याने पुरावा म्हणून मान्यता दिली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने, आणि माझ्या मते या मुलखातील वंशसंशोधनाच्या इतिहासात त्याहून मोठी घटना नाही. त्याखालील नियमांत पुरावा म्हणून गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, जुन्या संस्थानांचे व मध्यस्थ जमीनदारांचे कागद यांच्या जोडीने विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या प्राचीन खुणा, पूर्वीच्या नोंदीतील व्यक्तीपर्यंत नेणारी वंशावळ, आणि दावेदार सोडून गावातील इतर वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब हेही धरले आहेत. आदिवासी दावेदारास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवाशांना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. गावातल्या कुणब्याला, ढिवराला, गोवाऱ्याला १९३० पूर्वीचा आपला पूर्वज याच गावात होता हे दाखविण्यासाठी तीच कोतवाल पंजी, तोच खसरा, तीच वाजिब-उल-अर्ज शोधावी लागते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातील पहिल्या अशा गावांपैकी ते एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांनी तेथे कितीतरी वर्षे आधीपासून अभ्यासगट चालत होते. गावाचा इतिहास, जंगलाची वहिवाट, कायदा यांवर गावकरी बसून चर्चा करीत. त्यामुळे कायदा आला तेव्हा त्यांना नव्याने काही जुळवावे लागले नाही. इतर गावांना जुळवावे लागले, आणि त्यासाठी ते जेथे गेले त्या जागांत तालुक्याचे वाचनालयही होते.

वाचनालयांची स्थिती या कामास साजेशी आहे असे म्हणवत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गानुसार अनुदान. लहान गावच्या 'ड' वर्गाच्या ग्रंथालयास मिळणाऱ्या रकमेत वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ग्रंथपालाचे नाममात्र मानधन यांतच वर्ष संपते. गॅझेटिअरची पुठ्ठा सुटलेली प्रत पुन्हा बांधून घेण्यासही पैसे उरत नाहीत. तरीही या ग्रंथपालास एक गोष्ट विनाखर्च करता येण्याजोगी आहे. समित्यांसाठी आणि वनहक्क दाव्यांसाठी लोकांनी मोठ्या कष्टाने तयार केलेल्या वंशावळी, मिळविलेल्या नकला, वडीलधाऱ्यांचे जबाब हे सारे आज काम झाल्यावर ट्रंकेत जाते आणि पुढच्या पिढीतला चुलतभाऊ त्याच कचेरीत त्याच कागदासाठी पुन्हा पहिल्यापासून खेटे घालतो. कुटुंबाच्या संमतीने त्याची एक प्रत वाचनालयात ठेवावी. फायली आडनावावर न लावता मौजावर लावाव्यात, आणि प्रत्येक मौजाच्या पहिल्या पानावर त्याची जुनी तहसील, परगणा किंवा जमीनदारी, मालगुजाराचे नाव, पटवारी हल्का आणि जुना-नवा शेतनंबर एवढे टिपून ठेवावे. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावरून घेतले किंवा कोणी सांगितले, सांगणाऱ्याचे नाते व सांगितल्याची तारीख लिहावी. सुनांच्या नावापुढे त्यांचे माहेरचे गाव विसरू नये. जिवंत माणसांचा तपशील असलेली पाने निराळ्या पाकिटात बंद ठेवावी आणि घरच्यांखेरीज कोणास दाखवू नयेत. मोडी वाचू शकणारा, उर्दू जाणणारा, गोंडी आणि तेलुगू नावांचे उच्चार सांगू शकणारा असा गावातला एकेक माणूस हेरून त्यांची यादी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी. पावसाळ्यापूर्वी फायली एकदा उन्हात द्याव्यात, तळाशी कडुलिंबाचा पाला घालावा, आणि कपाट भिंतीला टेकवून ठेवू नये; आपल्याकडची वाळवी भिंतीतूनच येते.